गॅलॅक्सी एम३५ की रेडमी १३ : शेतासाठी कोणता, क्लासेससाठी कोणता?

घरात एकच नवा फोन घ्यायचा असेल, तर तो कुणाच्या हातात राहणार हे आधी ठरवा. वडिलांसोबत शेतात जाणार, की पोरीसोबत लातूरला नीटच्या क्लासला? सॅमसंग गॅलॅक्सी एम३५ आणि रेडमी १३ हे दोन्ही ५जी फोन आपल्याकडे जुलै २०२४ मध्येच आले, पण त्यांचे गुण वेगवेगळ्या माणसांच्या कामाचे आहेत.

शेतासाठी मी एम३५ च सांगेन, आणि पहिलं कारण स्क्रीन. ई-पीक पाहणीचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. भर दुपारी गट नंबर निवडताना स्क्रीनवर हाताची सावली धरावी लागते. एम३५ चा अमोलेड डिस्प्ले १००० निट्सपर्यंत (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) उजळतो, रेडमीचा एलसीडी ५५० पर्यंत. परभणीच्या उन्हात हा फरक लगेच कळतो. बॅटरीही मोठी, ६००० एमएएच, रेडमीची ५०३०. खोक्यात चार्जर मात्र मिळत नाही. २५ वॉटचा वेग हवा असेल तर पीपीएस (वेगवान चार्जिंगची एक पद्धत) लिहिलेला टाइप-सी चार्जरच घ्या. घरातल्या जुन्या चार्जरवर एवढी बॅटरी भरायला फार वेळ लागतो, आणि लाईट तेवढा वेळ राहीलच असं नाही.

कोणताही फोन घ्या, पण मे महिन्यात तो ट्रॅक्टरवर उन्हात ठेवू नका. सॅमसंग स्वतः ३५ अंशांपर्यंतच वापरा म्हणते, आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो. तापलेला फोन सावलीत गार होऊ द्या, मगच चार्जिंगला लावा.

पोरगी हॉस्टेलवर राहणार असेल तर रेडमी घ्या. ६.७९ इंची स्क्रीनवर पीडीएफ वाचायला बरं पडतं, ३३ वॉटचा चार्जर सोबत येतो आणि इयरफोनची गोल पिन थेट बसते. तारेचा स्वस्त इयरफोन लेक्चर ऐकायला पुरतो. एम३५ ला ती पिन बसत नाही.

रेडमीच्या १०८ मेगापिक्सेलवर भाळू नका. एम३५ चा कॅमेरा ५० चा असला तरी त्यात ओआयएस आहे, म्हणजे हात हलला तरी लेन्स सावरून घेते, म्हणून संध्याकाळच्या कमी उजेडात फोटो कमी हलतात.

अपडेटचा हिशेब दुकानातच करा. रेडमीला दोन अँड्रॉइड अपडेट आणि ४ वर्षं सिक्युरिटी अपडेट (हॅकरपासून बचावाचे), एम३५ ला चार आणि ५ वर्षं. ही वर्षं फोन बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतला तेव्हापासून नाही. पीकविम्याचे पैसे जमा होणारं खातं ज्या फोनवर आहे, त्याला हे जास्तीचं वर्ष हवंच.