घरच्या बीअरचं किट, सोबत ‘परवाना’ : २७,६९९ रुपयांचा गंडा

ऐरोली, घणसोली, कळवा ते ठाणे या पट्ट्यात ‘घरी बीअर बनवा, परवान्याची काळजी आमची’ अशी जाहिरात मोबाइलवर फिरते आहे. आम्ही चौघा मित्रांनी वर्गणी काढून पैसे भरले आणि चौघेही गंडलो. आकडे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी ‘किती गेले हो?’ असं गोड आवाजात विचारायला नको. वीस लिटरचं किट ११,८०० रुपये. फ्रिजसाठी टेंपरेचर कंट्रोलर १,९००. चौघांचे ‘होमब्रू परवाने’ प्रत्येकी २,५००, म्हणजे १०,०००. बाटल्यांचं ‘परत मिळणारं’ डिपॉझिट २,०००. झाले २५,७००. आणि वर आणखी १,९९९ गेले, त्याचं पुढे सांगतो.

आम्ही अगदीच बावळट नव्हतो. चौघांतले दोघे रोज केमिकलशी खेळणारे, मॅश (धान्य गरम पाण्यात मुरवणं) काय, ग्रॅव्हिटी (द्रावणाचा दाटपणा) काय, सगळं वाचून पक्कं झालेलं. विक्रेत्याचं पान तीन वर्षं जुनं, फोटो चोख, प्रश्न विचारला की पाच मिनिटांत उत्तर, तेही बरोबर. हॉप्स म्हणजे बीअरला कडवटपणा देणारी फुलं, त्यांतल्या अल्फा अॅसिडवर तो आमच्यापेक्षा सफाईने बोलायचा. अशा माणसावर संशय कसा घ्यायचा?

तर माल्ट. माल्ट म्हणजे जव भिजवून, मोड आणून, भट्टीत वाळवलेलं धान्य. मोड येताना दाण्यात अमायलेज एन्झाइम तयार होतात आणि ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवलं की ती स्टार्चची साखर करतात. ही साखर झाली तरच यीस्टला (साखरेची दारू करणाऱ्या खमिराला) काम. या भामट्याने पाठवलं होतं ते मोड न आणलेलं साधं जव, किलोला १९० रुपये लावून, तेही दळून. दळून पाठवण्यातच सगळी मेख आहे. अख्खा दाणा हातात आला असता तर कुणालाही कळलं असतं : माल्टचा दाणा दाताखाली कुरकुरीत फुटतो आणि गोडसर लागतो, कच्चं जव खड्यासारखं दाताला लागतं. माल्टचं साल सोललं की पाठीवर दाण्याच्या लांबीइतका वाढलेला कोंब दिसतो. मूठभर दाणे पाण्यात टाका, माल्टचे बरेचसे दाणे तरंगतात, कच्चं जव तळाला बसतं. पिठाचं काय बघणार?

पण पिशवी उघडली तेव्हाच कळायला हवं होतं, आणि आजही तीच गोष्ट डोक्यात घण घालते. कुटलेल्या माल्टला बिस्किटासारखा खमंग वास येतो. या पिशवीला गिरणीतून आणलेल्या पिठाचा वास होता. चिमूटभर तोंडात टाकायला असा किती वेळ लागतो? दुसरं म्हणजे, माल्ट कुटतात ते साल अख्खं ठेवून, आतला गर तेवढा फोडून, कारण सालाचाच गाळणीसारखा उपयोग होतो. हे सरसकट पीठ होतं. तरी सगळे जण सॅनिटायझर किती मिलिलिटर घालायचं यावर वाद घालत बसले होते. कुटलेलं माल्ट विकण्याची पद्धत आहेच, नवख्याकडे रोलर मिल कुठून असणार, म्हणून त्यात वावगं वाटलं नाही. इथेच तो आपल्याला खिंडीत गाठतो.

मग व्हायचं तेच झालं. ६६ अंशांच्या पाण्यात पीठ टाकलं, दहा मिनिटांत भाताची पेज. मलमलच्या पिशवीतून थेंब गळेना. तासाभराने चाखलं तर गोडवा नावाला. साडेचार किलो माल्ट, वीस लिटर वॉर्ट (माल्टचं गाळलेलं गोड पाणी), ७० टक्के उतारा धरला तर हायड्रोमीटर (हा दाटपणा मोजणारी काचेची नळी) १.०४७ च्या आसपास यायला हवा. आला १.०११. फोन केला तर म्हणतो, गरम मोजलं असेल. हे कारण तसं खरं असतं : हायड्रोमीटर बहुधा २० अंशांना जुळवलेला असतो आणि ६० अंशांच्या वॉर्टमध्ये सोळा-सतरा पॉइंट (पॉइंट म्हणजे ०.००१) कमी दाखवतो. पण आमचा नमुना २८ अंशांपर्यंत गार केलेला होता. तिथे फरक पडतो दोन पॉइंटांचा. हे सांगितल्यावर दुसरी पुडी सोडली : ‘आपल्याकडे माल्ट कमजोरच असतं, दीड किलो साखर घाला.’

या सल्ल्यात त्याचा सगळा धंदा आहे. वीस लिटरमध्ये दीड किलो साखर म्हणजे साधारण २८ पॉइंट. काटा १.०४० च्या जवळ पोचतो, गिऱ्हाईक खूश, आणि माल खोटा होता हे सिद्ध करायला पुरावाच उरत नाही. स्टार्च तसाच राहतो, पेय गढूळ आणि पाणचट होतं, जंगली यीस्ट आणि जिवाणूंना आयती मेजवानी. मग चव बिघडली की खापर तुमच्या स्वच्छतेवर. साखर घालायला सांगणारा विक्रेता दिसला की तिथेच थांबा. केमिस्टकडून टिंक्चर आयोडीन आणा. वरचं निवळ वॉर्ट पांढऱ्या बशीत घ्या, सालाचे तुकडे येऊ देऊ नका, पूर्ण गार करा (गरमात रंग दिसत नाही), आणि एक थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च आहे. पिवळट-तपकिरीच राहिलं तर साखर झालेली आहे. आमची बशी शाईसारखी झाली. तिथेच काम थांबवलं. यीस्ट टाकलंच नाही, आणि हे पुढे फार उपयोगी पडलं.

बाकीच्या मालाचं थोडक्यात. हॉप्सच्या गोळ्या पारदर्शक झिपच्या पिशवीत, पीक कोणत्या वर्षाचं ते नाही, रंग तपकिरी, वास जुन्या चीजचा. हॉप्स हवा आणि उष्णता लागून शिळे झाले की आयसोव्हॅलेरिक अॅसिडचा हाच वास येतो. चांगले हॉप्स हवा काढलेल्या चंदेरी पाकिटात येतात आणि हिरवे असतात. ‘एल यीस्ट’ (बीअरचं यीस्ट) म्हणून दिलेली पुडी बिननावाची, आतमध्ये बहुतेक पावाचं यीस्ट. बादलीवरचं लेबल खरवडलेलं, गरम पाणी ओतलं की सॉल्व्हंटचा भपकारा. तळाच्या त्रिकोणातला २ म्हणजे फक्त एचडीपीई हे प्लास्टिक, अन्नाला चालणारी बादली असा त्याचा अर्थ नाही, ग्लास आणि काट्याचं चिन्ह वेगळं असतं. खाद्यपदार्थाच्या कुठल्याच पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक नव्हता. कंट्रोलर तेवढा खरा निघाला, घ्या!

सगळ्यात धोकादायक होती सोबतची पुस्तिका. बाटलीत भरताना वीस लिटरला २५० ग्रॅम साखर घाला म्हणे. नेहमीचं प्रमाण लिटरला सहा-सात ग्रॅम, म्हणजे वीस लिटरला १२० ते १४० ग्रॅम. दुप्पट साखर, बंद क्राउन कॅप (पत्र्याचं बूच) आणि मे महिन्यातली नवी मुंबईची खोली, बाटल्या हातबॉम्बसारख्या फुटतात. पैसे गेले ते गेले, इथे कुणाचा डोळा गेला असता.

आता परवाना. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ आपल्याकडे लागू आहे. विनापरवाना मद्य तयार करणं कलम ६५ खाली गुन्हा आहे, आणि त्या हेतूने भांडी-साहित्य बाळगणंही त्यातच येतं. परवाने मिळतात ते ब्रुअरीला, मायक्रोब्रुअरीला. सोसायटीतल्या टू बीएचकेला नाही. आम्हाला हे माहीत होतं म्हणूनच परवाना मागितला, हौस म्हणून नाही! कायद्याने चालायला गेलो आणि त्याचेच दहा हजार मोजले. त्याने पाठवला तो मद्य पिण्याचा वैयक्तिक परवाना, वरचं शीर्षक बदललेला. खऱ्या आजीवन परवान्याची सरकारी फी १,००० रुपये, एक वर्षाच्या परवान्याची १००, आणि दोन्ही राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून स्वतःला काढता येतात. मजकुरात खरेदी, बाळगणं, वाहतूक, सेवन एवढंच होतं, बनवणं कुठेच नव्हतं. आणि चौघांच्या कागदांवर अनुक्रमांक एकच. प्रत्येकाला आपापल्या फोनवर आला, प्रत्येकाने आपलं नाव बरोबर आहे ना ते पाहिलं. चार फोन एका टेबलावर शेजारी ठेवले असते तर दहा हजार वाचले असते.

परवान्यासाठी आधारचे फोटोही घेतले त्याने. कुणालाही पाठवायचंच असेल तर मास्क्ड आधार (पहिले आठ आकडे झाकलेलं) पाठवा, आणि बायोमेट्रिक आजच लॉक करा.

पैसे परत मागितल्यावर उत्तर आलं : ‘करा तक्रार. कलम ६५ वाचा. आधी तुम्हीच आत जाल.’ परवाना विकण्यामागचं खरं गणित हे. गिऱ्हाईक लाजेने आणि भीतीने गप्प बसतं. वकिलाला विचारलं तर त्यांचं म्हणणं, खोटा सरकारी कागद विकला गेला आहे, मद्य तयार झालेलं नाही, बेधडक तक्रार द्या. म्हणून म्हटलं, यीस्ट टाकलं नाही ते बरं झालं. तुमचं प्रकरण वेगळं असू शकतं. पोलीस ठाण्यात जाण्याआधी वकील गाठा.

आणि मग सुरू झाली वरात. ऐरोली जिल्ह्याने ठाणे जिल्ह्यात, पोलीस आयुक्तालयाने नवी मुंबईत. माल घेतला कळव्याला, ते ठाणे आयुक्तालयात. एका पोलीस ठाण्यात सांगितलं, माल जिथे घेतला तिथे जा. तिथे सांगितलं, पैसे जिथून पाठवले तिथे जा. कळवा नाका आणि विटाव्याच्या ट्रॅफिकमध्ये या दोन वाक्यांच्या मधे लोंबकळत राहायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते. हे म्हटलं की समोरून विचारणा, ‘वकील आहात का?’ मग हसणं सुरू. ‘दारू गाळायची होती काय?’ अहो, बीअर गाळत नाहीत, आंबवतात! पण हे तिथे कुणाला सांगणार. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक बसते, खोटा सरकारी दस्त आहे, खातं आहे, नंबर आहे, आणि हाती पडला काय तर अर्जावर पोच म्हणून एक शिक्का. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे, ही गोष्ट डोक्यात कोरून ठेवा, एफआयआरची प्रत मागा.

परवान्याशी संबंधित कार्यालयात गेलो तर म्हणाले, हा कागद आमचा नाही. नाहीच ना, म्हणूनच आलो! तसं लिहून द्या म्हटलं तर साहेब दौऱ्यावर. बँकेने त्या खात्यात ६४० रुपये गोठवल्याचं कळवलं, बाकीचे त्याने कधीच फिरवले होते, आणि ते ६४० सोडवायलाही आदेश आणा म्हणे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन पैसे गेल्या-गेल्या, त्याच तासात करा. आम्ही त्याच्याशी माल बदलून देण्याच्या वाटाघाटी करत बसलो, त्यात हे झालं.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, ई-जागृती या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारलं तर मार्ग सांगतात.

त्यातच ‘ग्राहक विभागातून बोलतोय, रिफंड मंजूर झालाय’ असा फोन आला. प्रोसेसिंगचे १,९९९ भरा, उरलेले खात्यात. आमच्यातल्या एकाने भरले. तक्रारीतला आकडा जसाच्या तसा त्या माणसाला पाठ होता, मग विश्वास बसणारच. परत मिळणाऱ्या पैशांसाठी आधी पैसे मागणारा कुणीही असो, फोन ठेवा.

माल फेकून देऊ नका. धान्याची आणि हॉप्सची थोडी-थोडी पाकिटं सील करून, तारीख टाकून ठेवा, बादलीच्या तळाचा फोटो घ्या, चॅट निर्यात करून ठेवा, कारण तो त्याच्या बाजूने मेसेज पुसतो.

पान आता नव्या नावाने सुरू झालंय. फोटो तेच, निळी बादली, नळ डावीकडे. या वेळी वाइनचं किट ९,९९९ ला, परवाना मोफत.