विवितार २८३ की गोडॉक्स टीटी६००?

घरात विवितार २८३ हा कॅमेऱ्याचा जुना फ्लॅश पडून असताना गोडॉक्सचा नवा टीटी६०० फ्लॅश घ्यावा का, असं भाच्याने विचारलंय. टीटीएल (कॅमेऱ्याने लेन्समधून उजेड मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणं) दोन्हींत नाही, सेल दोन्हींना चारच.

खरी मेख व्होल्टेजची. जपानी बनावटीच्या जुन्या २८३च्या पायावर (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या भागावर) २०० व्होल्टच्या पुढेही दाब असू शकतो, आणि तो कॅमेऱ्याला झेपला नाही तर कॅमेरा बिघडू शकतो. काही कॅमेरे २५० व्होल्ट सोसतात, काहींची मर्यादा जेमतेम ६. फ्लॅश पूर्ण चार्ज करून मल्टिमीटर डीसीवर ठेवा. एक टोक पायाच्या मधल्या टिकलीला, दुसरं कडेच्या पट्टीला. आकडा कॅमेऱ्याच्या मर्यादेशी ताडूनच पुढे जा. गोडॉक्सला ही धाकधूक नाही.

मॅन्युअलमध्ये, म्हणजे ताकद हाताने ठरवताना, गोडॉक्स पूर्ण ताकदीच्या १/१२८ पर्यंत उतरतो. २८३ वेगळा जोडभाग नसेल तर पूर्ण ताकदीनेच उडतो. पण २८३चा पुढचा सेन्सर परतलेला उजेड मोजून फ्लॅश वेळेत तोडतो. माणसं सारखी पुढेमागे होत असताना हे फार कामाला येतं, आणि टीटी६००ला ते जमत नाही. (टीटी६००चा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, ६० हा २०० मिमी झूमवरचा, म्हणजे उजेडाचा झोत अरुंद करून मोजलेला, भुलू नका.)

टेबलावर वस्तूंचे फोटो, फ्लॅश बाजूला ठेवून काढायचे असतील तर गोडॉक्स घे; रेडिओ रिसीव्हर आतच आहे, फक्त ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून फ्लॅशला रेडिओने इशारा देणारं यंत्र) लागेल. बारसं-वाढदिवसच असतील आणि व्होल्टेज मर्यादेत निघालं, तर २८३ बस झाला.