मणिभवन की राजगृह? युवक गटाच्या अभ्याससहलीसाठी तुलनात्मक आढावा

मुंबईत एका दिवसाची अभ्याससहल काढायची आणि राष्ट्रीय नेत्याचे जतन केलेले निवासस्थान मुलामुलींना दाखवायचे, असे ठरले की गटप्रमुखासमोर साधारणपणे दोन नावे येतात: गांधीजींचा मुक्काम असे ते गावदेवीतले मणिभवन आणि बाबासाहेब आंबेडकरांचे दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह. दोन्ही घरे लोकल गाडीने सहज गाठता येतात, दोन्ही दाट वस्तीच्या भागात असूनही शांत गल्ल्यांत उभी आहेत आणि दोन्हींचा संबंध एकोणीसशे तिसाव्या दशकातल्या त्याच राजकारणाशी आहे. तरीही ती पाहणाऱ्याला जे देतात ते इतके वेगळे आहे, की दोन्हींना एकाच तयारीने गेलेला गट त्यांपैकी एका ठिकाणाहून रिकाम्या हाताने परत येतो. म्हणून निवड करताना गटाचे वय, वाचन आणि संख्या यांचा विचार आधी करावा, आणि गटातल्या बहुसंख्यांना कोणता नेता जवळचा वाटतो हा विचार शक्यतो बाजूला ठेवावा. ज्या नेत्याविषयी घरात फारसे बोलले जात नाही त्याच्या घरी मुलांना नेणे हा या सहलीचा सर्वांत मोठा लाभ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मणिभवन हे गांधीजींच्या मालकीचे घर कधीच नव्हते, आणि सहलीतली चर्चा याच गोष्टीपासून सुरू करणे चांगले. लॅबर्नम रोडवरचे हे दुमजली घर त्यांचे स्नेही रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे होते, आणि १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की त्यांचा मुक्काम येथे असे. एका व्यापाऱ्याचे राहते घर चळवळीचे केंद्र होते म्हणजे काय होते, हे येथे प्रत्यक्ष दाखवता येते. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाच्या वेळी, एप्रिल १९१९ मध्ये, सरकारी नोंदणी मुद्दाम न करता काढलेले ‘सत्याग्रही’ हे पत्रक या घराशी जोडलेले आहे. नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या भेटीच्या दिवशी मुंबईत दंगल उसळली आणि बहिष्काराच्या चळवळीतल्याच लोकांनी हिंसा केली, तेव्हा शांतता प्रस्थापित होईपर्यंत अन्न न घेण्याचा निर्णय गांधीजींनी येथेच घेतला. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना अटक केली तीही याच घराच्या गच्चीवरून, जेथे ते तंबूत झोपले होते. गच्चीवर उभे राहून ही हकिगत सांगितली, की पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीला जागा आणि वेळ मिळते.

पहिल्यांदाच अशा वास्तूत येणाऱ्या, साधारण तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी मणिभवनाची मांडणी फार सोयीची आहे. दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली काचेआडून पाहता येते. बैठक, चरखे आणि मोजक्या वस्तू एवढेच तिच्यात आहे. शेजारीच छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांमधून त्यांचे आयुष्य क्रमाने मांडलेले आहे. तळमजल्यावर ग्रंथालय आहे, आणि प्रदर्शनातल्या पत्रांमध्ये हिटलर यांना लिहिलेल्या पत्राची प्रतही आहे, जिच्यासमोर मुले हमखास थांबतात. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले तेव्हा मुंबईत त्यांचा मुक्काम या घरात होता, हे सांगितले की गटातल्या मोठ्या मुलांना वेगळीच उत्सुकता वाटते. थोडक्यात, पूर्वतयारी कमी असली तरी हे घर स्वतःच बरेच सांगते.

मात्र हाच त्याचा दोषही आहे. बाहुल्यांचे देखावे आयुष्याची एक पूर्ण, बांधेसूद गोष्ट सांगतात, आणि बांधेसूद गोष्ट ऐकलेल्या मुलाला प्रश्न सुचत नाहीत. गटप्रमुखाने तेथे थोडे आडवे जावे लागते. दंगलीनंतरचा उपवास हा दंगलखोरांसाठी होता की स्वतःच्या अनुयायांसाठी? मालकाने घर उघडून दिले नसते तर चळवळीचा मुंबईतला कारभार कोठून चालला असता? चरख्याने आपल्याला आजारातून बरे होण्यास मदत केली असे गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे; ते अक्षरशः घ्यायचे का? असे तीन-चार प्रश्न आधी लिहून नेले नाहीत, तर भेट अर्ध्या तासात आटोपते आणि मुलांच्या लक्षात फक्त बाहुल्या राहतात. शिवाय येथे परदेशी पर्यटकांची सततची वर्दळ असते आणि जिना अरुंद आहे, त्यामुळे चाळीसजणांचा गट एकदम वर नेणे कोणाच्याच हिताचे नाही.

राजगृह याच्या अगदी उलट आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे अधिक काळजीपूर्वक पाहायला हवे. परळच्या पोयबावडीतल्या चाळीत दोन खोल्यांमध्ये अनेक वर्षे संसार केल्यानंतर बाबासाहेब आंबेडकरांनी तिसाव्या दशकाच्या सुरुवातीला हे घर स्वतः बांधून घेतले, आणि बांधण्यामागचे मुख्य कारण होते पुस्तके. चाळीत पुस्तके ठेवायला जागा उरली नव्हती. मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव घराला दिले गेले, आणि पुढे तेथील ग्रंथसंग्रह पन्नास हजारांच्या घरात गेल्याचे सांगितले जाते. भारतात राजकीय नेत्यांची घरे पुष्कळ जतन झाली आहेत. परंतु ज्याचा आराखडाच ग्रंथांसाठी आखला गेला असे घर त्यांत विरळा. शिकण्याची संधी ज्या समाजाला शतकानुशतके नाकारली गेली, त्या समाजातल्या माणसाने ग्रंथांसाठी घर बांधणे ही केवळ वाचनाच्या आवडीची गोष्ट नव्हती, ते एक राजकीय कृत्य होते. हे विधान एखाद्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीसमोर त्या घरात उभे राहून करून पाहावे. तिच्याकडून येणारे प्रश्न ही त्या दिवसाची खरी कमाई असेल.

या घराचा काळही अभ्यासाला फार समृद्ध आहे. रमाबाईंना या घरात फार दिवस लाभले नाहीत. २७ मे १९३५ रोजी त्यांचे येथेच निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावरचे, लाहोरच्या मंडळाने रद्द केलेले भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना झाली. म्हणजे वैयक्तिक दुःख, धर्मविषयक निर्णय, वैचारिक लेखन आणि पक्षबांधणी हे सारे दीड वर्षाच्या आत, आणि त्या काळात त्यांचे घर हेच होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाल्यावर त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईत आणून राजगृहात ठेवण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा येथूनच दादर चौपाटीकडे निघाली.

आता अडचणीही सांगितल्या पाहिजेत. राजगृहात स्मारकाचा भाग मर्यादित आहे, वरच्या भागात आंबेडकर कुटुंबाचे वास्तव्य आहे, आणि त्यामुळे सर्व खोल्या पाहायला मिळतील अशा अपेक्षेने गेलेला गट निराश होतो. येथे देखावे नाहीत, गोष्ट सांगणारी मांडणी नाही. पाहायला मिळते ती अभ्यासिका, वापरातल्या वस्तू, छायाचित्रे आणि अस्थिकलश. येणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक येथे दर्शनाच्या भावनेने येतात, डोळे पुसत बाहेर पडतात, आणि त्यांच्या शेजारी उभे राहून मुलांनी मोठ्याने टिपणे घेणे किंवा गटाने छायाचित्रांसाठी खोळंबा करणे अशोभनीय ठरते. जुलै २०२० मध्ये या वास्तूत मोडतोड झाली होती, त्यामुळे सुरक्षेविषयीच्या सूचना आल्या तर त्या निमूटपणे पाळाव्यात आणि मुलांना त्यांचे कारणही सांगावे. येथे चर्चा घराच्या आत करायची नसते. ती जाण्यापूर्वी एका सत्रात आणि आल्यानंतर दुसऱ्या सत्रात करायची असते. ज्या गटाला ही दोन सत्रे घेणे शक्य नाही त्याने राजगृहाची निवड करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तयारी नसलेल्या मुलांना ते घर काही मिनिटांत संपल्यासारखे वाटते, आणि तसे वाटणे हे त्या घराला आणि मुलांनाही अन्यायकारक आहे.

तेव्हा निवड अशी करता येईल. पहिलीच सहल, शाळेचे वय, फारसे वाचन नाही: मणिभवन. महाविद्यालयीन गट, वाचनाची सवय, आधी आणि नंतर बसायची तयारी: राजगृह. संख्या पंचवीसच्या वर असेल तर दोन्ही ठिकाणी तुकड्या पाडाव्या लागतील; परंतु मणिभवनाजवळच ऑगस्ट क्रांती मैदान असल्याने एक तुकडी आत असताना दुसरीला तेथे ८ ऑगस्ट १९४२ च्या ठरावाविषयी सांगता येते, तर हिंदू कॉलनीच्या निवासी रस्त्यावर तीसजणांना ताटकळत ठेवणे रहिवाशांना त्रासाचे होते. तेथे दुसऱ्या तुकडीला चैत्यभूमीकडे पाठवणे सोयीचे पडते.

एका दिवसात दोन्ही घरे पाहणे अशक्य मुळीच नाही, आणि प्रौढ गटासाठी मला तोच पर्याय सर्वांत श्रेष्ठ वाटतो. कारण या दोन घरांना जोडणारी एक भेट इतिहासात झालेली आहे. १४ ऑगस्ट १९३१ रोजी, दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या तोंडावर, गांधीजी आणि बाबासाहेब यांची पहिली प्रत्यक्ष भेट झाली ती मणिभवनात. आपल्याला मायभूमी नाही, असे बाबासाहेबांनी गांधीजींना सुनावले ते याच भेटीत. पुढे तेरा महिन्यांनी, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. सकाळी मणिभवनात बाहुल्यांचे देखावे पाहून झाल्यावर त्याच घरात या भेटीची हकिगत सांगावी, आणि मग दुपारी दादरला जावे. सकाळची सलग गोष्ट या एका भेटीने मोडते, आणि मुले राजगृहात पोचतात ती उत्तर शोधत. उलटा क्रम मला पटत नाही. राजगृह आधी पाहिले तर मणिभवनात मुले फिर्यादीच्या भूमिकेत शिरतात आणि तेथले काही पाहतच नाहीत.

मुंबई गाठणे ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी दोन पर्याय थोडक्यात नोंदवतो. पुण्यात नारायण पेठेतला केसरीवाडा, म्हणजे पूर्वीचा गायकवाड वाडा, लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये विकत घेतला. त्यांचे निवासस्थान, वृत्तपत्राची कचेरी आणि सार्वजनिक गणेशोत्सवाची जागा एकाच आवारात असल्याने राजकारण, पत्रकारिता आणि उत्सव यांचा परस्परसंबंध दाखवायला याहून नेमके ठिकाण नाही. मंडालेच्या कारावासातल्या कोठडीची प्रतिकृतीही तेथे आहे. प्रशस्त चौक असल्यामुळे मोठ्या गटाला ते सोयीचे पडते. सातारा, सांगली आणि कोल्हापूरकडच्या मंडळांनी मात्र पुण्याकडेही धावू नये. कराडला यशवंतराव चव्हाणांचे ‘विरंगुळा’ हे घर आहे, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे, आणि त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे हे सागरेश्वर अभयारण्याच्या पायथ्याशी आहे. १२ मार्च १९१३ रोजी आजोळच्या साध्या घरात जन्मलेला मुलगा १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री कसा झाला, हा प्रवास ग्रामीण भागातल्या मुलांना मुंबईतल्या कोणत्याही वास्तूपेक्षा जवळचा वाटेल.

तारखांविषयी सांगायचे तर, २ ऑक्टोबर आणि ३० जानेवारीला मणिभवन, १४ एप्रिल आणि डिसेंबरचा पहिला आठवडा या काळात राजगृह, आणि गणेशोत्सवात केसरीवाडा अभ्याससहलीसाठी टाळावा. त्या दिवशी तेथे जायचे असेल तर अभिवादनासाठी जावे, अभ्यासासाठी वेगळा दिवस काढावा. भेटीच्या वेळा आणि साप्ताहिक सुट्या बदलत असतात, त्यामुळे किमान तीन आठवडे आधी संस्थेला लेखी पत्र द्यावे आणि त्यात गटाची संख्या, वयोगट, सोबतच्या प्रौढ व्यक्तींची नावे, येण्याची नेमकी वेळ आणि सहलीचा विषय लिहावा. विषय लिहिणे अनेक मंडळे विसरतात. तो लिहिला असेल तर माहिती देणारी व्यक्ती त्याप्रमाणे बोलते, आणि ग्रंथालयातली एखादी गोष्ट दाखवता येण्याजोगी असेल तर ती आधी काढून ठेवणे कर्मचाऱ्यांनाही जमते.