होडीच्या तळासाठी रेझिन-मॅटचा संच: माल चांगला, माप चुकलेलं

जायकवाडीचं पाणी उन्हाळ्यात मागे हटलं की फायबरच्या होड्या मुरुमावरून, दगडांवरून ओढाव्या लागतात. आधी झिजते ती तळाची मधली कील, म्हणजे लांबीभर जाणारा कणा, आणि नाळेखालचा, म्हणजे पुढच्या टोकाखालचा भाग. जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, उडून पांढरे धागे दिसायला लागले की पाणी आत मुरणारच. अशा डागडुजीसाठी संभाजीनगरच्या एका केमिकलच्या दुकानात बांधून मिळणारा हा संच: १ किलो पॉलिस्टर रेझिन, ते घट्ट करणारं २० मिली हार्डनर आणि काचेच्या धाग्यांची २ चौरस मीटर मॅट, चौरस मीटरला ४५० ग्रॅमची.

रेझिन ताजं आहे, हार्डनरचं काम वेगाने करवणारं कोबाल्ट आधीच घातलेलं. हे बरं केलं, कारण कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका उडतो. मॅट मात्र घडी घालून देतात. घडीवर धागे मोडतात, म्हणून गुंडाळी मागून घ्यावी. खरी गोम मापात आहे. ४५० ची १ चौरस मीटर मॅट भिजवायलाच साधारण १ किलो रेझिन लागतं, म्हणजे निम्मी मॅट कोरडीच उरते. ताणून पुरवलं की थर पांढुरका राहतो आणि पुढच्या हंगामात पापुद्र्यासारखा सुटतो. रेझिन आणखी १ किलो घ्याच, हार्डनरही त्याच हिशेबाने.

हार्डनरच्या बाटलीला मापाच्या खुणा नाहीत. ५ मिलीची सिरिंज वापरा. मे महिन्यात किलोला १० मिली पुरे, तेही सकाळी सावलीत आणि एका वेळी पाव किलोच कालवून. जास्त कालवलं तर डबा हातातच तापतो, रेझिनची जेली होते. थंडीत २० मिलीपर्यंत जा. डोळ्यांना चष्मा हवाच, हार्डनरचा थेंब डोळा घालवू शकतो.

तळ आधी दोन-तीन दिवस उन्हात वाळवा. ओल्यावर काहीही चिकटत नाही. ८० नंबरच्या पॉलिशपेपरने झिजलेल्या भागाच्या कडा उतरत्या घासा, जाडीच्या बारापट लांब. ५ मिमीचा तळ असेल तर चारही बाजूंनी ६ सेंमी. हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि बहुतेक ठिगळं इथेच फसतात. मग ॲसिटोनने पुसून थर लावा, प्रत्येक थरावर लोखंडी रोलर फिरवून हवा काढा. रोलर संचात नाही, ब्रशने ते काम होत नाही. शेवटच्या थराच्या रेझिनमध्ये मेण लागतं, नाहीतर वरचा भाग चिकटच राहतो; तेही वेगळं मागावं लागतं.

पाचपैकी तीन तारे. मॅट १ चौरस मीटर करून सिरिंज आणि मेण घातलं तर चार.