धातुसाधित नामांचा खरा अर्थ दाखवणारा रशियन भाषेचा राष्ट्रीय कॉर्पस

‘रस्मत्रेनिये’ आणि ‘रस्मात्रिवानिये’ या क्रियापदांपासून बनलेल्या दोन रशियन नामांपुढे माझ्याकडच्या एका छोट्या शब्दकोशात एकच अर्थ दिला होता आणि त्यावर विसंबून न्यायालयीन कागदपत्रांच्या अनुवादात मी प्रकरणाची ‘पाहणी’ झाल्याचे लिहिले होते. ती चूक रशियन भाषेच्या राष्ट्रीय कॉर्पसमुळे, म्हणजे प्रत्यक्ष लेखनातल्या वाक्यांच्या शोधता येणाऱ्या संग्रहामुळे, लक्षात आली. 2004 पासून महाजालावर विनामूल्य खुल्या असलेल्या या कॉर्पसच्या मुख्य विभागात 30 कोटींहून अधिक शब्द आहेत. शब्दाचे मूळ रूप टाकले की तो ज्या वाक्यांत आला ती वाक्ये ग्रंथाच्या नावासह आणि काळासह समोर येतात.

दोन्ही नामे शोधून वाक्ये शेजारी ठेवली, तेव्हा पहिले न्यायालय, अर्ज आणि विधेयक यांच्या संगतीत दिसले, तर दुसरे बालवाडीतल्या मुलांनी चित्रे निरखत बसण्याच्या. रशियन क्रियापद क्रिया पुरी झालेली दाखवते की चालू असलेली, याला क्रियाव्याप्ती म्हणतात. पूर्ण क्रियाव्याप्तीच्या धातूपासून आलेले नाम परिणाम सांगते आणि अपूर्ण धातूपासून आलेले नाम प्रक्रिया, असा नियम वर्गात शिकवला जातो. पण तो अर्धाच खरा आहे. ‘इवानिये’ने संपणारी नामे प्रक्रियेला घट्ट धरून राहतात, हे खरे. पूर्ण धातूपासून आलेली नामे मात्र आपली क्रियाव्याप्ती मागे टाकून येतात. आरंभवाचक ‘नचात्’ या क्रियापदापुढे पूर्ण क्रियापद कधीच चालत नाही, तरी ‘नचाला रस्मत्रेनिया’, म्हणजे सुनावणीचा आरंभ, ही रचना सर्रास आढळते. ‘रिशेनिये’ हे नाम तर गणित सोडवण्याची क्रिया आणि न्यायालयाचा निर्णय या दोहोंसाठी येते.

सर्वांत बोलके उदाहरण अपूर्ण धातूपासून आलेले ‘च्तेनिये’ आणि पूर्ण धातूपासून आलेले ‘प्रच्तेनिये’ यांचे आहे. विधेयक पहिल्या वाचनात मंजूर झाले की रशियन माणूस, वाचन पुरे झालेले असूनही, साधे ‘च्तेनिये’च म्हणतो, ‘नोवये प्रच्तेनिये’ म्हणजे मात्र अभिजात कृतीचा नवा अन्वयार्थ. इथे मराठीतला ‘वाचन’ हा एकच शब्द पुरत नाही, हे अनुवादकाने वेळीच ओळखलेले बरे.

क्रियाव्याप्तीची खूण कॉर्पसमध्ये क्रियापदरूपांनाच लावलेली असते, नामांना नाही. त्यामुळे प्रत्येक जोडी आपणच टाकावी लागते, अथवा तारकाचिन्हापुढे प्रत्यय लिहून शोध घ्यावा लागतो. सापडलेली वाक्ये समजण्याइतकी रशियन आधी यायला हवी, म्हणून नवशिक्यांना मी हे साधन सुचवणार नाही. दोन-तीन वर्षे शिकलेल्याने मात्र शब्दकोशाच्या शेजारी ते कायम उघडे ठेवावे. माझ्या मसुद्यातली ‘पाहणी’ खोडून तिथे ‘सुनावणी’ लिहिण्याआधी मी चाळीसेक वाक्ये वाचली होती.