गृहज्योती का सूर्यघर? बेळगाव, खानापूर, निपाणीवाल्यांनी पक्ष बाजूला ठेवून बघायचं गणित

सध्या कट्ट्यावर विजेचा विषय निघाला की तीन आवाज ठरलेले. भाजपवाला म्हणतो मोदींचं सूर्यघर, म्हणजे छतावरच्या सोलरची सबसिडी, घे, काँग्रेसवाला म्हणतो राज्याच्या गृहज्योतीत 200 युनिट फुकट मिळत असताना छतावर पैसे कशाला घालतोस, आणि महाराष्ट्र एकीकरण समितीवाला म्हणतो महाराष्ट्रात असतो तर हा प्रश्नच आला नसता. तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण पैसे तुमच्या खिशातले जाणार, म्हणून नीट बघूया.

आधी कोणाचं काम काय ते. वीज हा राज्यघटनेत समवर्ती सूचीतला विषय, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचाही. टार्गेट आणि सोलरची सबसिडी दिल्ली ठरवते, दर केईआरसी, म्हणजे राज्याचा वीज नियामक आयोग, ठरवतं, तारा-मीटर-ट्रान्सफॉर्मर हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीचे आणि हेस्कॉम राज्य सरकारची. गंमत म्हणजे केंद्रातले अपारंपरिक ऊर्जा मंत्री प्रल्हाद जोशी हे शेजारच्या धारवाडचे खासदार, आणि राज्याचे ऊर्जामंत्री के. जे. जॉर्ज दरवर्षी हिवाळी अधिवेशनाला इथं बेळगावच्या सुवर्णसौधात (विधानभवनात) येतात. म्हणजे विचारायला कुणी लांब नाही, पण एकाला विचारलं की तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो.

गृहज्योती 2023 च्या ऑगस्टपासून सुरू झाली. बऱ्याच जणांना अजून वाटतं की सरसकट 200 युनिट फुकट, तसं नाही. 2022-23 मधला तुमचा सरासरी वापर अधिक 10 टक्के एवढं फुकट. म्हणजे सरासरी 120 असेल तर 132 पर्यंत बिल शून्य, 150 वापरले तर वरच्या 18 युनिटचे पैसे, आणि महिन्यात 200 च्या वर गेलात की सगळंच बिल भरायचं. त्यामुळं एप्रिल-मे मध्ये कूलर, फ्रीज, पाण्याची मोटर असं सगळं चालू असलेल्या घरात एखाद्या महिन्यात एकदम मोठं बिल येतं आणि लोक म्हणतात योजना बंद केली. बंद नाही, रेषा ओलांडली. भाडेकरूंनाही ही योजना मिळते, हे मात्र खरंच चांगलं केलं.

सूर्यघर 2024 च्या फेब्रुवारीत आली. 1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000, 3 किंवा जास्त असलं तरी 78,000 सबसिडी, आणि एक कोटी घरांचं टार्गेट. डीलरचा भाव 3 किलोवॅटला दीड ते दोन लाख धरा, त्यातून सबसिडी वजा, पण आधी पूर्ण पैसे किंवा लोन तुम्हीच उभं करायचं, सबसिडी नंतर खात्यात येते. पॅनेल भारतात बनलेल्या सेलचं, म्हणजे डीसीआर, असायलाच पाहिजे, नाहीतर सबसिडी नाही, कोटेशनवर हे लिहून घ्या. 1 किलोवॅटमागे दिवसाला साधारण 4 युनिट धरतात, पण ही सरासरी. अथणीकडं ऊन भरपूर, तिकडं ठीक. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात जून ते सप्टेंबर पॅनेल नुसतं धुऊन निघतं, तिथल्या माणसानं डीलरचा वर्षभराचा आकडा जसाच्या तसा मानू नये.

आणि एक गोष्ट डीलर शेवटी सांगतो, ती मी आधी सांगतो. ऑन-ग्रिड, म्हणजे हेस्कॉमच्या तारेला जोडलेली, सिस्टीम लाईट गेली की बंद पडते, भर उन्हात सुद्धा. कारण तुमची वीज उलटी तारेत गेली तर खांबावर चढलेल्या लाईनमनला शॉक बसेल, म्हणून इन्व्हर्टर स्वतःच कट होतो. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात लाईट जाते म्हणून सोलर घेणार असाल तर बॅटरीवाली सिस्टीम लागेल आणि तिचा खर्च वेगळाच.

मग घ्यायचं काय? बिल शून्य येत असेल तर सोलर घेऊ नका, वाचणार काय, शून्यातून शून्य. महिन्याला 250-300 युनिट जात असतील, 3 किलोवॅट मंजूर लोडला दोन हजाराच्या पुढं बिल भरत असाल, तर सूर्यघर डोळे झाकून नाही पण हिशोब करून घ्या, चार-पाच वर्षांत पैसे निघतात. फिक्स चार्ज तरीही भरावाच लागतो हं. मधले 180-200 वाले सगळ्यात अडचणीत, त्यांनी आधी जुना फ्रीज बदलावा, सोलरपेक्षा स्वस्त पडतं.

थोडं राजकारण. राज्य सरकार गृहज्योतीवर वर्षाला नऊ-दहा हजार कोटींच्या घरात घालतं, केंद्र म्हणतं छतावर वीज करा. एका सरकारनं बिल शून्य केल्यावर दुसऱ्याची सबसिडी घ्यायला छोटं घर येणार कशाला? दोन्ही योजना एकमेकींच्या पायात येतात आणि दोन्ही पक्षांना ते माहीत आहे. शेतीचंही तेच, 10 एचपीपर्यंतची मोफत वीज 2008 पासून आहे, मग भाजप असो, जेडीएस असो, काँग्रेस असो, कुणी हात लावला नाही. 2023 ला पाऊस दडी मारून बसला, धरणातलं पाणी कमी, पंपांचा लोड वाढला आणि राज्यात विजेची टंचाई झाली, तेव्हा काँग्रेस आणि भाजप दोघांनी एकमेकांवर ढकललं.

समितीवाल्यांच्या मुद्द्याकडं येतो. घरगुती विजेत सीमेपलीकडच्या शिनोळीपेक्षा बेळगाव स्वस्त, तिकडं अशी 200 युनिटची योजना नाही. पण सोलर पंपात महाराष्ट्र पुढं आहे, मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीला 5. आपल्याकडं कुसुम या सोलर पंप योजनेत केंद्र 30 टक्के, राज्य 50 आणि शेतकरी 20. वर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीमुळं तिकडं दिवसा वीज द्यायचं काम चाललंय. आपल्याकडं रात्री थ्री फेज (पंपाची वीज) आली की उसाला पाणी सोडायला टॉर्च घेऊन जायचं, त्यात गवा आला तर पळायचं. हे विधानसभेत मराठीतून ठणकावून सांगणारा समितीचा आमदार 2018 ला नाही, 2023 लाही नाही, आणि 2013 ला दोन होते तेव्हा तरी विजेवर किती बोलले ते त्यांनाच विचारा.

नवीन बोअर मारून कनेक्शन घेणार असाल तर लाईनपासून अंतर मोजा, 500 मीटरच्या पुढं असेल तर सोलर पंपच घ्यावा लागतो, तिथं निवडच नाही. आणि घरासाठी फॉर्म भरायच्या आधी आरआर नंबर (बिलावरचा ग्राहक क्रमांक) कुणाच्या नावावर आहे ते बघा, आपल्या जुन्या घरांत तो अजून आजोबांच्याच नावावर असतो आणि अर्ज तिथंच अडकतो. नाव बदलायला हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसला आधी जा, डीलरकडं नंतर.