जुनी ॲल्युमिनियमची बोट घेऊन डेक टाकायचंय: सपाट बुडाची घ्यावी की व्ही बुडाची?

चौदा-सोळा फुटी जुनी बोट घ्यायची, आतले बाक काढून उभं राहून मासे पकडायला सपाट डेक, म्हणजे वरचा मजला, टाकायचं, पुढे ट्रोलिंग मोटर (बोट हळू सरकवणारी छोटी इलेक्ट्रिक मोटर) लावायची आणि नव्या बोटीच्या किमतीच्या थोड्याशा भागात काम भागवायचं. मिनेसोटाच्या लांबलचक हिवाळ्यात हा बेत अनेकांच्या डोक्यात येतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: कोणत्या पाण्यात जाणार हे ठरल्याशिवाय बोट बघायलाही जाऊ नका. आणि कोणतीही घेतलीत तरी सगळे बाक काढायचा विचार सोडा.

आधी पाणी. मिनेसोटातला मिल लॅक्स तलाव 1 लाख 30 हजार एकरांहून मोठा, पण जास्तीत जास्त खोली जेमतेम 42 फूट. एवढ्या उथळ, उघड्या पाण्यावर वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा उठतात. तिथे जॉन बोट, म्हणजे सपाट बुडाची, चौकोनी तोंडाची बोट, प्रत्येक लाटेवर आपटते आणि बुटक्या तोंडावरून पाणी आत येतं. अशा तलावासाठी व्ही बुडाचीच घ्यावी, यात मला जराही शंका नाही. उलट वबाशा गावाच्या आसपास मिसिसिपी नदीच्या फाट्यांत, कमळाच्या पानांमधून वीतभर पाण्यात शिरायचं असेल, तर व्ही बोटीचा कणा गाळात रुततो आणि जॉन बोट आरामात सरकते. घराजवळच्या छोट्या तळ्यात दोन्ही चालतात. तिथे कामाची सोय बघा.

कामाच्या सोयीत जॉन बोट सरळ पुढे आहे. 1448 असं लिहिलेलं दिसलं तर 14 फूट लांबी आणि बुडाची रुंदी 48 इंच असं समजा. बूड सपाट, बाजू जवळजवळ उभ्या, त्यामुळे डेकखालच्या चौकटीचे आडवे तुकडे बरेचसे एकाच मापाचे निघतात. व्ही बोटीत पुढे जाल तसं बूड वर चढतं आणि बाजू आत येतात. प्रत्येक तुकड्यासाठी पुठ्ठ्याचा वेगळा साचा कापावा लागतो, वेळ दुपटीहून जास्त जातो. आयुष्यात पहिल्यांदाच मेटल कापणार असाल तर हा फरक हलका धरू नका.

उभं राहून गळ टाकण्याबद्दल मात्र गैरसमज खूप आहे. सपाट बोट आधी घट्ट वाटते हे खरं, पण तिच्या बाजू बुटक्या असतात. डेक उंच केलं की माणसाचं वजन वर जातं आणि पाणी आत यायला थोडासा कलही पुरतो. बुडाची रुंदी 36 इंच किंवा कमी असेल तर उंच डेक टाकूच नये. व्ही बोट सुरुवातीला डुलते, मग एका कलावर स्थिरावते. तिच्या उंच बाजू इथे कामी येतात.

आता बाकांचं. बाक बसायला असतातच, शिवाय ते दोन्ही बाजूंना ताणून धरतात, आणि त्यांच्या पोटात फोम असतो. अमेरिकेत 20 फुटांखालच्या, 2 हॉर्सपॉवरपेक्षा मोठ्या आउटबोर्डच्या (मागे बाहेर टांगलेल्या मोटरच्या) बोटीत पाणी भरलं तरी ती सरळ तरंगत राहिली पाहिजे, असा नियम आहे. तो फोम काढून सगळा बोटीच्या तळाशी कोंबला तर बोट तरंगेल, पण उलटी होण्याची भीती वाढेल. म्हणून मी सुचवतो ते एवढंच: पुढच्या बाकापासून टोकापर्यंत डेक, खाली सामानाची जागा, मधला-मागचा बाक जसाच्या तसा. दोन्ही प्रकारांत हे चालतं. व्ही बोटीत तो तुकडा त्रिकोणी होतो, तरी एका माणसाला उभं राहायला पुरतो.

वजनाचा हिशेब कागदावर मांडाच. समजा कपॅसिटी प्लेटवर (बोटीवर लावलेली, किती वजन चालतं ते सांगणारी पट्टी) माणसं, मोटर आणि सामान मिळून 700 पौंड लिहिलंय. 15 हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक मोटर साधारण 110, लेड-ॲसिड बॅटरी 55, भरलेली पेट्रोल टाकी 45, नांगर-गळ-जाळं 60, दोन माणसं 360. उरले 70. अर्ध्या इंची प्लायवूडची एकच पूर्ण शीट 45-50 पौंडांची. चौकट, कार्पेट आणि स्क्रू वेगळे. तेवढ्याच मापाचा 0.08 इंची ॲल्युमिनियम पत्रा 36 पौंडांत येतो आणि कुजत नाही. महाग आहे, पण मी पत्राच घेईन. लाकूडच वापरायचं तर ट्रीटेड घेऊ नका: त्याच्या औषधात तांबं असतं आणि ओलसरपणात ते ॲल्युमिनियमला खातं. साधं बाहेरच्या वापराचं प्लाय घ्या, सगळ्या कडा इपॉक्सीने बंद करा.

बोट बघताना मोटर हाताने वर-खाली हलवून बघा. ट्रान्सम, म्हणजे मोटर टांगलेली बोटीची मागची भिंत, तोही हलला तर आतलं लाकूड गेलंय. दोन्ही प्रकारांत हा खर्च सारखाच नकोसा. मग गळती. ट्रेलरवरच आतून होजने पाणी सोडा आणि बाहेरून थेंब दिसेल तिथे मार्करने खूण करा. जॉन बोटीत आपटून सैल झालेले बुडाचे रिवेट बघा, व्ही बोटीत कण्यालगतचा सांधा. पाणी इंच-दोन इंचच ठेवा आणि ट्रेलरचं तोंड आधी उंच, मग खाली करून ते पुढे-मागे फिरवा. 1448 मध्ये सगळीकडे 4 इंच पाणी भरलं तर त्याचंच वजन 1100 पौंडांवर जातं. छोट्या ट्रेलरचा ॲक्सल तेवढ्यासाठी बनलेला नसतो. पाचदहा रिवेट ठिबकत असतील तर घाबरू नका, एकाने बाहेरून जड लोखंड टेकवायचं, दुसऱ्याने आतून हातोडी मारायची, पुन्हा घट्ट होतात. सिलिकॉन मात्र फासू नका, नंतर त्यावर दुसरं काही धरत नाही.

पैसे देण्याआधी ट्रान्समच्या उजव्या बाजूचा 12 अक्षरी हल नंबर (बोटीचा ओळख क्रमांक) कागदांशी जुळवा. ट्रेलरचे कागद वेगळे असतात, तेही त्याच वेळी मागून घ्या.